किरकोळ जखमांवरील झाडपाला व त्याची पारख

शेतकामांत हातापायांस लहानसहान इजा होणें हा नित्याचा प्रकार आहे. ऊंसतोडीच्या वेळीं कोयता निसटतो, खुरपणींत बोट कापतें, बाभळीचा कांटा टाचेंत मोडतो, आणि चुलीजवळ वावरणाऱ्या बायकांचे हात भाजतात. एवढ्या कारणासाठीं दवाखान्याची वाट धरणारा शेतकरी विरळा. घरांतील हळदीचा डबा किंवा बांधावरील पाला हाच आपला पहिला वैद्य. ह्या उपचारांपैकीं कोणत्यांत खरोखर गुण आहे, कोणते निरुपद्रवी आहेत व कोणते अपायकारक आहेत, ह्याविषयीं जी माहिती उपलब्ध आहे ती वाचकांपुढें मांडण्याचा विचार आहे. आम्ही वैद्य नाहीं व डॉक्टरहि नाहीं. आमची हयात महसूल कचेरींत कारकुनी करण्यांत गेली. तथापि हा विषय आमच्या घरास एकदां फार महाग पडला, म्हणून त्यासंबंधीं जें हातीं आलें तें आम्ही आजवर वाचीत आलों आहों.

सन १९९३ च्या श्रावणांतील गोष्ट. आमच्या धाकट्या चुलतभावाच्या तळपायांत गोठ्यांतील एक जुना खिळा शिरला. रक्त फारसें आलें नाहीं. आम्हींच आपल्या हातानें त्या भोंकांत हळद दाबून भरली, वर चुलीजवळची राख लावली, आणि धोतराची चिंधी घट्ट बांधली. दोन दिवसांत ठणका कमी झाला व तो पुन्हा कोळप्यामागें चालूं लागला. घरांत सर्वांस समाधान वाटलें. आठव्या दिवशीं सकाळीं भाकरी चावतांना जबडा उघडत नाहीं असें तो म्हणाला. आम्हांस वाटलें, दाढ दुखत असेल. दुसऱ्या दिवशीं मान ताठ झाली. आणि आधीं बैलगाडीनें व पुढें एस. टी. नें जिल्ह्याच्या ठिकाणीं नेईपर्यंत झटके येऊं लागले होते. इस्पितळांत सहाव्या दिवशीं तो गेला. त्याचें वय तेवीस वर्षांचें होतें.

ह्या गोष्टीचा दोष पुष्कळ वर्षें आम्ही हळदीस देत होतों. पुढें वाचनानें कळलें कीं, हळदीनें त्यास मारलें नाहीं. खिळ्याबरोबर शेणमातींतील धनुर्वाताचे जंतु खोल गेले होते, व राखेबरोबर आम्हीं त्यांत भर घातली असल्यास नवल नाहीं. हळदीचा अपराध इतकाच कीं, तिनें आमचें समाधान केलें. औषध झालें अशी समजूत झाली, म्हणून पाय धुतला गेला नाहीं, आणि तीन मैलांवरच्या सरकारी दवाखान्यांत सुई टोंचून घेण्यास कोणी गेलें नाहीं.

आतां झाडपाल्याच्या गुणाची पारख कशी करावी हें पाहूं. येथें मोठी अडचण ही कीं, किरकोळ जखम औषधावांचूनहि बरी होते. रक्त साखळतें, शरीरांतील पेशी जंतूंशीं झगडतात, कडांकडून नवी कातडी सरकत येते, आणि आठ-दहा दिवसांत काम पुरें होतें. त्या दिवसांत आपण वर जें कांहीं लाविलें असेल त्यास यश मिळतें. कोणी हळद लावतो, कोणी कातभुकटी, कोणी मशेरी. आणि तिघेहि आपापल्या औषधाची शपथ घेतात. “आमच्या आज्यापासूनचा अनुभव आहे” हें वाक्य खोटें नसतें; पण त्यावरून औषधानें गुण आला कीं नुसत्या दिवसांनीं आला, हें ठरत नाहीं.

शेतकरी बंधूंस हा मुद्दा पटण्यास कठीण नाहीं. नवें खत घातलें आणि पीक चांगलें आलें, एवढ्यावरून शहाणा शेतकरी खताची पोतीं विकत घेत नाहीं. त्याच शेतांत, त्याच बियाण्याचा, बिनखताचा एक वाफा राखून तो दोन्हींची रास मापून पाहतो. कोणत्या वाफ्यास खत द्यावें हेंहि आपल्या मर्जीनें ठरवून चालत नाहीं, नाहींतर काळ्या जमिनीचा वाफा सहज खताच्या वांट्यास जातो. कचेरींत असतांना पीक कापणी प्रयोगाच्या वेळीं आम्हीं हें नेहमीं पाहिलें आहे. शेताचा मालक आम्हांस आपल्या उत्तम तुकड्याकडे ओढून नेई. कागदावर मात्र यदृच्छेनें निघालेल्या आंकड्यांप्रमाणें जागा ठरलेली असे, आणि कधीं कधीं ती नेमकी हरळीनें भरलेली निघे. मालक रागावत, पण सरासरी खरी यावयाची तर दुसरा मार्ग नव्हता. ही पद्धत आपल्या देशांत १९४० नंतरच्या दशकांत घालून देण्यांत सातारा जिल्ह्यांतील बुध गांवचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे व डॉ. पानसे ह्यांचा मोठा वांटा आहे.

आणि मौज अशी कीं, औषधांची पारख करण्याची आजची रीत शेतांतूनच इस्पितळांत गेली. इंग्लंडांत रॉथमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रांत फिशर ह्यांनीं सन १९१९ पासून खतांच्या प्रयोगांचा अभ्यास केला व वाफे यदृच्छेनें वांटण्याचें तत्त्व बसविलें. सन १९४८ सालीं क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची जी चांचणी प्रसिद्ध झाली, तींत रोग्यांची वांटणी ह्याच तत्त्वावर केली होती. तेव्हां कोणत्याहि औषधाविषयीं आपण एकच प्रश्न विचारावा: बिनखताचा वाफा कोठें आहे?

प्रथम हळद घेऊं. हळदीविषयीं एक खटला बहुतेकांस ऐकून ठाऊक आहे. सन १९९५ सालीं अमेरिकेंतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास हळदीनें जखम भरून आणण्याच्या रीतीचें पेटंट मिळालें. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें, डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असतांना, सन १९९६ सालीं त्यास हरकत घेतली, जुने ग्रंथ व लेख पुरावा म्हणून दाखल केले, आणि सन १९९७ सालीं पेटंट रद्द झालें. ही अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु गांवोगांवीं तिचा अर्थ असा घेतला गेला कीं, हळदीनें जखम भरते हें अमेरिकेनें मान्य केलें. तसें झालें नाहीं. वाद हा उपयोग नवा कीं जुना एवढाच होता. फेरफाराच्या नोंदीनें कबजा किती वर्षांचा हें कळतें. जमीन पिकते किती हें त्या नोंदींत नसतें.

मग हळदीचा खरा पुरावा काय? तिच्यांतील कुरकुमिन ह्या पिवळ्या द्रव्यानें कांचेच्या बशींत जंतु मरतात, आणि उंदरांवरील प्रयोगांत सूज कमी होते. मनुष्याच्या साध्या जखमांवर मात्र तुलनेचे मोठे व काटेकोर प्रयोग नाहींत. सन २०१७ सालीं रसायनशास्त्रज्ञांनीं कुरकुमिनवरील संशोधनाचा झाडा घेतला तेव्हां असें आढळलें कीं, हें द्रव्य अस्थिर असून त्याच्या रंगामुळें व चिकटण्याच्या गुणामुळें प्रयोगशाळेंतील कसोट्याच फसतात. ह्यावरून हळद निरुपयोगी ठरत नाहीं. तिचा गुण सिद्ध झालेला नाहीं एवढेंच ठरतें. शिवाय बाजारची भुकटी ही औषध म्हणून दळलेली नसते. वाळवणाच्या धुळींतून मसाल्यांत जंतूंचे चिवट बीजाणू येतात, आणि रंग खुलावा म्हणून शिशाचें पिवळें क्षार हळदींत मिसळल्याचे प्रकार बांगलादेशांत व आपल्याकडेहि उघडकीस आले आहेत. वरवरच्या खरचटण्यावर घरची हळद लाविली तर बहुधा बिघडणार नाहीं. खोल भोंकांत ती कोंबूं नये. कोंबलेली भुकटी घाण आंत दाबते व वरून तोंड बंद करते.

बांधावरील दगडीपाला, ज्यास कोठें एकदांडी व कोठें कंबरमोडी म्हणतात, तो चुरगळून कापलेल्या बोटावर पिळण्याची चाल सर्वत्र आहे. ह्या पाल्यास आपण ऋषिमुनींच्या काळचा समजतों. वस्तुतः ही वनस्पति अमेरिका खंडाच्या उष्ण भागांतील असून मागील कांहीं शतकांतच इकडे आली. चरक-सुश्रुतांनीं ती पाहिलेली असणें शक्य नाहीं. म्हणजे आपल्या पूर्वजांपैकीं कोणीतरी एक परका तण पाहून, लावून, उपयोग ठरविला. आम्हांस ह्यांत त्यांचा कमीपणा वाटत नाहीं; उलट तेहि प्रयोग करीत होते असें दिसतें. तथापि ह्या पाल्यावरील पुढचे प्रयोग बहुतेक उंदरांवर थांबले आहेत. शेतांतला पाला चुरगळतांना त्यावरची माती, शेळ्यांची लेंडी व फवारलेलें औषध हींहि जखमेंत पिळलीं जातात, हें लक्षांत ठेवावें.

ज्याचा पुरावा सर्वांत सबळ तो मध. तो वनस्पति नव्हे, पण आजीबाईच्या बटव्यांतलाच आहे. सुश्रुतानें व्रणावर मध व तूप सांगितलें आहे. विशेष म्हणजे ह्या बाबतींतील नांवाजलेलें काम आपल्या सोलापुरांत झालें. तेथील वैद्यकीय महाविद्यालयांतील शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम् ह्यांनीं १०४ भाजलेल्या रोग्यांपैकीं निम्म्यांस मध व निम्म्यांस त्या काळचें प्रचलित चांदीयुक्त मलम लाविलें, आणि निष्कर्ष सन १९९१ सालीं इंग्लंडच्या शल्यचिकित्सकांच्या मासिकांत प्रसिद्ध केले. सात दिवसांत मधाच्या रोग्यांपैकीं शेंकडा ९१ जणांच्या जखमा निर्जंतुक झाल्या, मलमाच्या रोग्यांपैकीं शेंकडा ७. इतका मोठा फरक पाहून नंतरच्या परीक्षकांनीं सावधगिरीची सूचना केली, कारण असे पुष्कळसे प्रयोग एकाच ठिकाणचे होते. तरीहि सन २०१५ सालीं जगांतील सर्व चांचण्या एकत्र तपासल्या गेल्या तेव्हां, फार खोल नसलेल्या भाजण्याच्या जखमा नेहमींच्या पट्ट्यांपेक्षां मधानें सुमारें चार-पांच दिवस लवकर भरतात हें टिकून राहिलें. विळ्यानें कापलेल्या साध्या जखमेंत मात्र खात्रीलायक फरक दाखवितां आला नाहीं.

मधाचें कार्य समजण्यास सोपें आहे. त्यांत साखर इतकी दाट असते कीं, लोणच्यांतील मिठाप्रमाणें ती जंतूंच्या अंगचें पाणी ओढून घेते. तो आंबट असतो. आणि मधमाशीनें घातलेल्या एका विकरामुळें, जखमेच्या ओलाव्यांत त्यापासून थोडथोडें हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत राहतें. परंतु हें शुद्ध मधाचें झालें. सन २०२० सालीं दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ ह्या संस्थेनें बाजारांतील मधांत साखरेच्या पाकाची भेसळ असल्याचें जाहीर केलें होतें. अशा पाकांत तें विकर कोठून येणार? आणि इस्पितळांत वापरण्याचा मध किरणांनीं निर्जंतुक केलेला असतो, घरचा तसा नसतो. म्हणून तोहि लहान व उथळ जखमेपुरताच ठेवावा.

कोरफडीविषयीं मत देतांना दोन्ही बाजू सांगणें भाग आहे. भाजण्यावर तिचा गर लाविल्यानें सरासरीनें सुमारें नऊ दिवस लवकर गुण येतो, असें सन २००७ सालीं थायलंडांतील संशोधकांनीं चार चांचण्या एकत्र करून दाखविलें. मात्र त्या चांचण्या लहान होत्या. उलट अमेरिकेंत सन १९९१ सालीं शस्त्रक्रियेनंतर उघड्या राहिलेल्या पोटाच्या जखमांवर तिचा गर वापरला असतां, त्या ५३ ऐवजीं ८३ दिवसांनीं भरल्या. एकच वनस्पति एका जखमेस मानवते व दुसरीस नडते. पान कापल्यावर सालीलगत जो पिवळा चीक सुटतो तो कातडीस झोंबतो. तो निथळूं देऊन, धुऊन, मगच आंतील पांढरा गर घ्यावा.

आतां एक अशी वस्तु सांगतों कीं जिचा गुण औषधाचा नव्हे, झांकण्याचा आहे. सन १९६२ सालीं विंटर ह्या संशोधकानें डुकरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, उघडी ठेवून खपली धरलेल्या जखमेपेक्षां झांकून ओलसर ठेवलेली जखम सुमारें दुप्पट वेगानें नवी कातडी धरते. “वारा लागूं द्या, वाळूं द्या” हा आपला जुना उपदेश येथें चुकतो. मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयांत डॉ. माधुरी गोरे ह्यांनीं केळीचें पान निर्जंतुक करून भाजलेल्या रोग्यांस पट्टी म्हणून बांधलें व त्याची तुलना व्हॅसलीनच्या जाळीदार पट्टीशीं केली. सन २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या लेखांत असें दिसतें कीं, केळीचें पान जखमेस चिकटत नाहीं, व काढतांना रोग्यास वेदना पुष्कळच कमी होतात. खर्च तर नाममात्र. सुश्रुताच्या चिकित्सास्थानांत व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांत भुकटी टाकणें आहे, पण धुणें, शोधणें, बांधणें, धूप देणें आणि पानानें झांकणें हींहि आहेत. आपण साठांपैकीं भुकटी तेवढी उचलली, व धुणें तिच्या आधीं येतें हें विसरलों.

जीं औषधें केव्हांहि लावूं नयेत त्यांविषयीं थोडक्यांत लिहितों. शेण, राख, चुलीची माती व कोळिष्टक ह्यांत गुण तर नाहींच, धनुर्वाताची भीति मात्र आहे. चुना कातडी जाळतो. बिब्ब्याचें तेल भेगांवर व कांट्याच्या जागीं लावण्याची खोड आपल्याकडे फार. त्यानें अंगभर फोड उठून महिना महिना अंथरूण धरलेले लोक आम्हीं पाहिले आहेत. रुईचा चीक कांट्यावर लावून तेंच बोट डोळ्यास लागलें, तर बुबुळास इजा होते. भाजलेल्या जागेवर दांत घांसण्याची पेस्ट किंवा शाई लावूं नये. भाजल्याबरोबर वीस मिनिटें वाहतें थंड पाणी सोडावें, ह्याहून चांगला पहिला उपाय नाहीं. बर्फ नको.

कापलेल्या जखमेचा पहिला उपायहि पाणीच. पिण्याजोगें पाणी असेल तर त्यानें धुतलेली जखम इस्पितळांतील मिठाच्या पाण्यानें धुतलेल्या जखमेपेक्षां अधिक चिघळते असें चांचण्यांत दिसलें नाहीं. ओढ्याचें किंवा उघड्या विहिरीचें असेल तर उकळून निववून घ्यावें. हात साबणानें धुवावे, पाणी तांब्या-दोन तांबे सढळ ओतावें, माती व कुसळें निघेपर्यंत धुवावें, स्वच्छ फडकें दाबून रक्त थांबवावें, आणि मग वाटल्यास मध, वाटल्यास नुसती स्वच्छ पट्टी. पट्टी रोज बदलावी. ज्यांस मधुमेह आहे त्यांनीं पायाची जखम किरकोळ समजूं नये. त्यांस दुखण्याची जाणीवच कमी असते, व बोट काळें पडेपर्यंत कळत नाहीं. लाली पसरली, पू आला, ताप आला, दाबूनहि रक्त थांबेना, किंवा कोणी प्राणी चावला, तर बटवा मिटावा आणि दवाखाना गांठावा.

राहिला धनुर्वात. ह्याचे बीजाणू मातींत व जनावरांच्या शेणांत वर्षानुवर्षें टिकून राहतात. लोक गंजास दोष देतात, पण गंज निमित्तमात्र. भोंक अरुंद व खोल असलें म्हणजे आंत हवा पोंचत नाहीं, आणि हे जंतु हवेवांचूनच वाढतात. म्हणून भळभळ वाहणाऱ्या जखमेपेक्षां रक्त न आलेलें खिळ्याचें टोंचणें अधिक भयंकर. लक्षणें दिसण्यास बहुधा तीन ते एकवीस दिवस लागतात, आणि तोंवर वरची जखम पुष्कळदां भरलेलीहि असते. सन २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या देशांत बाळंतिणी व नवजात बालकें ह्यांच्या धनुर्वाताचें उच्चाटन झाल्याचें मान्य केलें. हें यश लशीचें व स्वच्छ बाळंतपणाचें. पण जमिनींतून जंतु गेलेले नाहींत, व जाणारहि नाहींत. ज्या प्रौढ माणसानें ही लस कधींच घेतली नसेल त्यानें पहिली सुई, महिन्यानें दुसरी व त्यानंतर सहा महिन्यांनीं तिसरी घ्यावी. पुढें स्वच्छ व लहान जखम झाल्यास, शेवटच्या सुईस दहा वर्षें झालीं असतील तर पुन्हा घ्यावी. शेणमातीची किंवा खोल जखम असेल तर पांच वर्षांचाच हिशेब धरावा. लस अजिबात झालेली नसतांना अशी घाणेरडी जखम झाल्यास लशीबरोबर तयार प्रतिविषाचीहि सुई लागते. ती प्राथमिक आरोग्य केंद्रांत मिळेलच असें नाहीं, म्हणून त्याच दिवशीं मोठ्या इस्पितळांत जावें.

आमच्या घरीं कोठीच्या दाराच्या आंतल्या अंगास घरांतील माणसांचीं नांवें रंगानें लिहिलेलीं आहेत, व प्रत्येकापुढें सुई घेतल्याची तारीख पेन्सिलीनें मांडली जाते. त्याच दारावर वरच्या बाजूस बैलांच्या व म्हशींच्या घटसर्पाच्या लशीच्या तारखा आहेत. त्या सन १९८० च्या सुमारापासून आमचे वडील लिहीत असत. माणसांची ओळ सन १९९३ च्या भाद्रपदापासून सुरू होते.